तिसरं काही

दिवेआगरच्या अलीकडे रस्ता समुद्राची पाठ सोडून भातशेतांकडे वळतो, तिथे बौद्धवाडीचा फाटा लागतो. फाट्यावर उभं राहून "दयाराम येलवे कुठे राहतात?" असं विचारलंत तर समोरचा माणूस डोकं खाजवत बसेल. "तिसरं-काही सर" म्हणा, तो तुम्हाला घराच्या पायरीपर्यंत आणून सोडेल, आणि वाटेत स्वतःला दहावीला विज्ञानात किती मार्क पडले होते तेही न विचारता सांगेल.

हे नाव सरांनी आपल्याच तोंडाने ओढवून घेतलं होतं. चौतीस वर्षं त्यांनी हायस्कुलात विज्ञान शिकवलं आणि दरवर्षी दहावीच्या पहिल्या तासाला टेबलावर मूठ आपटून एकच गोष्ट सांगितली. "जगात कण आहेत आणि कणांचे नियम आहेत. दगड, दर्या, तुम्ही, मी, तुमच्या डोक्यातले चांगले-वाईट विचार, सगळं त्यातच आलं. तिसरं काही असेल तर आणून दाखवा, मी बक्षीस देईन!" पोरं काय, आणायचीच. कुणी चुंबक आणला, कुणी बाटलीत भरून काजवे आणले, एकाने भगताकडून मंतरलेलं लिंबू आणलं. ते लिंबू सरांनी वर्गासमोर कापलं, सरबत केलं आणि पिऊन दाखवलं. एका वर्षी मागच्या बाकावरच्या टोळक्याने खाडीतून काढलेल्या तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, ओली पिशवीच टेबलावर आणून ठेवली. सरांनी ती गुपचूप घरी नेली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "कालवण झकास झालं, पण त्यातही कणच निघाले."

बक्षीस कुणाला मिळालं नाही. एका माणसाचा त्यावर खरा हक्क होता, पण ते माणूस सरांच्या वर्गात नव्हतं, घरात होतं.

यशोधराबाई सातवीपर्यंत शिकलेल्या, अंगणवाडीत मदतनीस. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. त्या माशांच्या आमटीसाठी परसातली बिंबलं चिरत होत्या. बिंबल म्हणजे बोटाएवढं हिरवं फळ, नुसतं बघूनच दात आंबतात. सर शेजारी बसून नेहमीप्रमाणे जगाचा उलगडा करत होते. बाईंनी एक फोड उचलून त्यांच्या तोंडात घातली.

"कसं लागलं?"

"आंबट!" सरांचा एक डोळा मिटला होता.

"आंबट म्हंजे काय?"

हा प्रश्न म्हणजे सरांना मेजवानीच. त्यांनी आम्ल सांगितलं, हायड्रोजनचे आयन सांगितले, जिभेवरून मेंदूपर्यंत जाणारी मज्जातंतूंची वाट सांगितली.

"ते झालं जिभेचं आनि मेंदूचं," बाई म्हणाल्या. "पर आंबट कुठं हाय?"

सर हसले. मग त्यांनी उष्णतेचा दाखला दिला. पूर्वी लोकांना उष्णता म्हणजे मोठं गूढ वाटायचं. पुढे कळलं की ती नुसती कणांची धावपळ आहे, आणि गूढ तिथेच संपलं. आंबटाचंही तसंच होणार.

बाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. बोट जरा भाजलं, ते त्यांनी पटकन कानाच्या पाळीला लावलं. "धावपळ ऱ्हायली तुमच्या कणांची. ह्यो चटका कुनाचा?"

"अगं, तेही कळेल उद्या. विज्ञानाने अजून कुठे हात टेकलेत?"

"कळू दे. कळलं की पयलं मला सांगा."

पुढे ही घरातली नेहमीची गंमत होऊन बसली. मिरची तिखट लागली, पाय मुरगळला, निकेतला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलाला, परीक्षेची धडकी भरली, की बाई म्हणायच्या, "घ्या तुमचं तिसरं." सर म्हणायचे, "उद्या कळेल." तीस वर्षं हा उद्या काही उजाडला नाही. दोघांनाही त्याची घाई नव्हती.

एक गोष्ट मात्र सरांना गंमत म्हणून कधीच चालली नाही, ती म्हणजे प्रयोगवहीतली लबाडी. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि शेवटी अनुमान, हा वहीचा क्रम. पोरं काय करायची, की दादा-ताईच्या जुन्या वहीतून अनुमान आधीच उतरवून ठेवायची आणि त्याला जुळतील असे आकडे मागाहून भरायची. अख्ख्या तालुक्यात हेच चालायचं, आणि मास्तर लोक डोळेझाक करायचे. सर करत नसत. निकेत नववीत त्यांच्याच वर्गात होता. लंबकाच्या प्रयोगात त्याने अनुमान आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. सरांनी सगळ्यांदेखत पानावर लाल शाईने शून्य काढलं आणि खाली लिहिलं : निरीक्षणाआधी अनुमान.

पोरगा रडत घरी आला. बाईंनी नवऱ्याला फैलावर घेतलं. "त्याला उत्तर ठावं व्हतं म्हनून लिवलं. ठावं असनं ह्यो गुन्हा हाय काय?" सर बधले नाहीत. मग बाईंनी पोराचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "गप. कदी ना कदी तुज्या बापाला बी शून्य मिळंल. मिळालं की मला सांगाया ये, मी पेढं वाटीन."

त्या यशोधराबाई दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर अंगणात भात वाळत घालता घालता खाली बसल्या आणि तिथेच कलंडल्या. मेंदूत रक्तस्राव. मुंबईच्या इस्पितळात दोन महिने गेले. जीव वाचला, पण बाई परत आल्या असं काही कुणाला म्हणता येईना. डोळे उघडायचे, मिटायचे. नाकातून नळी. डाव्या हाताचा अंगठा अधूनमधून आपसूक हलायचा. डॉक्टर भला माणूस होता, त्याने शब्द जपून वापरले. "डोळे उघडे असले म्हणजे जाग आहे असं नसतं, सर. आत कुणी ऐकतंय, समजतंय, अशी एकही खूण आम्हाला तपासण्यांत सापडलेली नाही."

सरांनी त्यांना घरी आणलं. खालच्या आळीतली भागूबाई रोज सकाळी यायची, अंग पुसायला, कूस बदलायला मदत करायची आणि तोंडाची टकळी चालू ठेवायची. कुणाची गाय व्याली, दिघीच्या फेरीबोटीत कोण कुणाबरोबर दिसलं, सगळं ती बाईंना इत्थंभूत सांगायची. "वयनीला समदं कळतंय," हा तिचा निकाल. सर यावर काही बोलत नसत. पण भागूबाई गेली की तेही खाटेशेजारी बसून बाईंना पेपर वाचून दाखवायचे.

यंदाच्या जानेवारीत एका गुरुवारी निकेत आला. नवी मुंबईत नोकरी, दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि वडिलांची काळजी. सर वाळून निम्मे झाले होते. महिन्यापूर्वी बाईंना उचलताना पाठीत लचक भरून ते चार दिवस स्वतःच आडवे झाले होते. पनवेलकडे अशा पेशंटसाठी एक केंद्र आहे, तिथे निकेतने जागा बघून ठेवली होती.

"तिकडे चोवीस तास नर्स असते, बाबा. तुम्ही माझ्याकडे राहा. आठवड्यातून एकदा जाऊन बघून येऊ."

"तिला इथली सवय आहे रे."

"सवय कुणाला?" निकेतचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "बाबा, प्रॅक्टिकली बघा ना. तुम्हीच शिकवलंत मला. कण आणि नियम, तिसरं काही नाही. ते कण बिघडले. डॉक्टर सांगतायत आत कोणी नाहीये. मग ती खाट इथे असली काय नि पनवेलला असली काय, फरक कुणाला पडतो? फक्त तुम्हाला. आणि तुमचं हे असं चाललंय ते मला बघवत नाही."

पोरगा दुष्टपणाने बोलत नव्हता, ते सगळ्यात वाईट होतं. सरांचंच वाक्य व्याजासकट परत आलं होतं. आत्म्याचा आधार घ्यावा तर त्याला या घरात कधीच थारा नव्हता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, फळीवर विज्ञानाची पुस्तकं, आत्मा बसणार कुठे? आणि सरांना तो नकोच होता. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की खाटेवर पडून उघड्या डोळ्यांनी कौलांकडे बघणाऱ्या त्या बाईला ती कौलं दिसतात का.

"पुढच्या रविवारपर्यंत थांब," ते म्हणाले. "मी तपासतो. ती आहे असं निघालं तर ती इथून हलणार नाही. नाही निघालं, तर तू म्हणशील तसं."

निकेतने मान डोलावली. जाताना तो आईच्या खोलीच्या दारात क्षणभर थांबला, पण आत गेला नाही. वर्षभरात तो तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता. कुणाशी बोलायचं, असं त्याला वाटायचं.

चक्रीवादळात शाळेच्या प्रयोगशाळेचे पत्रे उडाले, तेव्हाच्या भिजून फुगलेल्या काही कोऱ्या प्रयोगवह्या सरांच्या कपाटात होत्या. त्यातली एक त्यांनी काढली आणि पहिल्या पानावर आखणी केली.

पहिली कल्पना बिंबलाची. त्यांनी रसात बुडवलेला कापूस बाईंच्या जिभेच्या टोकाला हलकेच लावला. बाईंचं तोंड वाकडं झालं, एक डोळा मिटला. भागूबाई टाळ्या वाजवून ओरडली, "बगा! आंबट लागलं वयनीला!"

सर मात्र स्टुलावर बसले. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं, ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. रस जिभेला लागतो, मज्जातंतू निरोप नेतात, स्नायू आकसतात. तोंड वाकडं व्हायला आत कुणी असावं लागत नाही. आम्ल होतं, वाट होती, स्नायू होते, तीस वर्षांपूर्वी त्यांनी सांगितलेलं सगळंच्या सगळं समोर घडलं होतं, आणि तरी हवं ते त्यात दिसत नव्हतं. पर आंबट कुठं हाय? प्रश्न त्यांना पाठ होता, पण समजला त्या दिवशी. वस्तुमान बाहेरून मोजता येतं, प्रभार मोजता येतो, वेग मोजता येतो. ज्याला होतंय त्याला आतून कसं होतंय, याला त्यांच्या एकाही समीकरणात रकाना नव्हता. आणि आता त्यांना नेमका तोच रकाना भरून हवा होता, तोही रविवारच्या आत. सर रडले. भागूबाईला वाटलं, आनंदाने रडताहेत.

मग त्यांनी मास्तराला शोभेल असा चोख प्रयोग मांडला. डब्यात ऐंशी चिठ्ठ्या. चाळिसांवर 'सांग', चाळिसांवर 'सांगू नको'. सर चिठ्ठी उचलणार. 'सांग' निघालं तर म्हणणार, "यशोधरा, अंगठा हलव." 'सांगू नको' निघालं तर त्याच आवाजात पाठ्यपुस्तकातलं एक वाक्य वाचणार. भागूबाईने कानात कापूस घालून फक्त अंगठ्याकडे बघायचं. सरांनी हात वर केल्यापासून मिनिटभरात तो हलला तर पितळी वाटीत चिंचोका टाकायचा. स्वतः सर भिंतीकडे तोंड करून बसणार, कारण आपल्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. चिंचोक्याचा आवाज आला की वहीत बरोबरची खूण, नाही आला की फुली. रोज दहा वेळा, आठ दिवस.

आठ दिवस त्या खोलीत "यशोधरा, अंगठा हलव" आणि "तरंगलांबी व वारंवारता यांचा गुणाकार म्हणजे तरंगाचा वेग" हे आळीपाळीने ऐकू येत राहिलं. शेजारपाजारचे म्हणाले, सरांचं डोकं फिरलं. पाचव्या दिवशी 'सांग'ची चिठ्ठी होती. मिनिट उलटून गेल्यावर चिंचोका वाजला. सरांचा हात खुणेवर गेला, पण त्यांनी फुली मारली.

आठव्या दिवशी शनिवारी दुपारी बेरीज झाली. सांगितल्यावर अंगठा हलला चौदा वेळा. न सांगता हलला तेरा वेळा.

"काय निघालं, सर?" भागूबाईने कानातला कापूस काढत विचारलं.

"काही नाही निघालं. चौदा आणि तेरा म्हणजे काहीच नाही."

भागूबाईचा चेहरा पडला. पदराचं टोक पिळत ती म्हणाली, "सर, एक सांगू? रागवू नका. मी धा-बारा जास्तीचं टाकलं."

"काय?"

"चिंचोकं. अंगठा न्हाय हालला तरी बी टाकलं. म्हनलं वयनी ऱ्हाऊ दे हितंच. पर तुमी कवा सांगताय नि कवा न्हाय, ते कापसापायी कळं ना. म्हनून दिलं अदमासानं टाकून."

आठ दिवसांची मेहनत पाण्यात गेली होती. तिने लबाडी केली, आणि ती दोन्हीकडे सारखीच वाटली गेली. मग त्यांना हसू फुटलं, आवरेना इतकं. प्रयोगाचा असा चोख बंदोबस्त त्यांनी जन्मात केला नव्हता आणि असा बट्ट्याबोळही पाहिला नव्हता.

"भागूबाई, तू एकटी नाहीस," ते डोळे पुसत म्हणाले. त्यांनी वहीचं पहिलं पान उघडून तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनीच बोट ठेवून वाचून दाखवलं. पानाच्या तळाशी, निरीक्षणाचा तक्ता सगळा कोरा असताना, पहिली चिठ्ठी उचलायच्याही आधी, त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहून ठेवलं होतं : अनुमान — यशोधरा आहे.

लिहिलं कधी, ते त्यांना आठवत होतं. आखणी करता करता हात आपोआप खाली गेला होता. खोडायचं राहून गेलं, असं ते आठ दिवस स्वतःला सांगत होते.

त्यांनी लाल पेन शोधून काढला.

रविवारी सकाळी निकेत गाडी घेऊन आला. मागे स्ट्रेचर होतं, ड्रायव्हर बाहेर गाडीतच थांबला होता. सरांनी वही त्याच्या हातात दिली. निकेतने तक्ते बघितले, चौदा आणि तेरा बघितले, आणि मग पहिल्या पानावर त्याची नजर खिळली. तळाशी ते वाक्य, त्याच्यावर लाल शाईचं भलंमोठं शून्य, आणि खाली : निरीक्षणाआधी अनुमान. द. येलवे.



"माहीत होतं म्हणून लिहिलंत, बाबा?"

"नाही रे." सरांना खोटं बोलता आलं असतं. "माहीत नव्हतं. अजूनही नाही. मला ती हवी आहे, म्हणून लिहिलं."

निकेतने वही मिटून काखेत धरली.

"तुझं म्हणणं खोडता येत नाही मला," सर म्हणाले. "कण आणि नियम, यापलीकडे काही आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण ते कण चालताहेत की थांबलेत एवढंच मला बाहेरून दिसतं. ते कुणी सोसतंय का, हे कसं बघायचं ते मला कुणी शिकवलं नाही, आणि मीही चौतीस वर्षांत कुणाला शिकवलं नाही. उद्या कुणी शोधून काढलं तर टाळ्या वाजवायला मी पुढे असेन. पण तोपर्यंत, उत्तर आलं नाही म्हणून मी तिची गैरहजेरी लावायची? मला नाही जमणार. माझी पाठ मोडली तर बाई ठेव मदतीला, नर्स ठेव, मी नको म्हणणार नाही. तिला इथून नेऊ नकोस."

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. निकेत उठला, ओट्यावर गेला आणि त्याला हाताने नाही अशी खूण केली. परत आला तेव्हा वही अजून त्याच्या काखेत होती.

तो आईच्या खोलीच्या दारात थांबला. मग आत गेला. स्टूल ओढून खाटेला टेकून बसला आणि तिचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. कसं बोलायचं ते त्याला सुचत नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "बाबांना शून्य मिळालं."

बोलला आणि नववीतल्यासारखा हमसून हमसून रडायला लागला.

दारातून सरांना खाट दिसत होती, यशोधराबाईंचा हातही दिसत होता. अंगठ्याकडे नजर जायच्या आत ते चटकन वळले आणि स्वयंपाकघरात गेले. चहाचं आधण ठेवलं, साखरेचा डबा उघडला, पुन्हा बंद केला. मग डोकं बाहेर काढून त्यांनी अंगणातल्या भागूबाईला हाक मारली आणि दिवेआगरच्या नाक्यावरून पाव किलो पेढे आणायला सांगितले.